मायएसक्यूएल सर्व्हिस सुरू होत नाही: डेटा नव्या डिस्कवर हलवल्यानंतरची अडचण

पाणवठा

उबुंटू २२.०४, मायएसक्यूएल ८.०, पॅकेज उबुंटूच्याच रेपॉझिटरीतलं. मूळ डिस्क भरत आली म्हणून २०० जीबीची दुसरी डिस्क जोडली, ईएक्सटी४ करून /डेटा इथे माउंट केली. डेटाबेस साधारण ४० जीबी.

केलं ते असं. आधी सर्व्हिस थांबवली. मग आरसिंक -ए वापरून /व्हार/लिब/मायएसक्यूएल हे फोल्डर /डेटा मध्ये कॉपी केलं, म्हणजे नवी जागा /डेटा/मायएसक्यूएल. जुन्या फोल्डरचं नाव बदलून मायएसक्यूएल.जुना केलं. मायएसक्यूएलडी.सीएनएफ मध्ये डेटाडिरची (डेटा कुठे आहे ते सांगणारी) ओळ बदलली आणि सर्व्हिस सुरू करायला गेलो.

उत्तर आलं: कंट्रोल प्रोसेस एरर कोड देऊन बंद पडली. पाच-सहा वेळा रीस्टार्ट केल्यावर आता मेसेजच बदललाय: "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली". मालकी नीट आहे, सगळं मायएसक्यूएल युजरच्या नावावर. पुढे काय तपासू?

कंदील

आधी रीस्टार्ट करणं थांबवा. "टू क्विकली" हा मायएसक्यूएलचा एरर नाही, तो सिस्टिमडीचा, म्हणजे सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाचा, अडसर आहे. नेहमीची मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्नांची असते. ती ओलांडली की सिस्टिमडी प्रयत्न करणंच सोडून देतो आणि मूळ कारण त्या मेसेजखाली गाडलं जातं. दुरुस्ती झाली की सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड मायएसक्यूएल ही कमांड द्या, मोजणी शून्यावर येईल.

आता खरं कारण. सिस्टिमसीटीएल स्टेटस मध्ये दोन वेगळ्या ओळी असू शकतात. एक्झेकस्टार्टप्री असलेली ओळ अपयशी दिसत असेल, तर मायएसक्यूएल अजून चालूच झालेला नाही, त्याच्या आधीची तपासणीची स्क्रिप्ट पडली आहे. मेन पीआयडीची ओळ अपयशी असेल, तर मायएसक्यूएलडी सुरू झाला आणि स्वतःहून बाहेर पडला. वर दिसणारा "कंट्रोल प्रोसेस" वाला मेसेज दोन्ही वेळा सारखाच असतो, म्हणून त्यावरून काही ठरवता येत नाही.

मग लॉग:

सुडो जर्नलसीटीएल -यू मायएसक्यूएल -बी --नो-पेजर

जर्नलसीटीएल -एक्सई टाळा. त्यात साऱ्या मशीनचा गोंधळ येतो आणि शेवटची ओळ हमखास भलत्याच सर्व्हिसची निघते. -यू ने एकच सर्व्हिस, -बी ने या बूटपासूनचं. आणि वाचताना शेवटून वर नका जाऊ. पहिल्या प्रयत्नाच्या "स्टार्टिंग" पासून खाली या आणि तिथला पहिला एरर इथे टाका. खालचे बहुतेक त्या एकाचे परिणाम असतात.

दुसरी गोष्ट, उबुंटूवर मायएसक्यूएल स्वतःचं म्हणणं जर्नलमध्ये फारसं लिहीत नाही. त्याची वही वेगळी: /व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग. दोन्ही हवेत.

पाणवठा

एक्झेकस्टार्टप्री हीच ओळ पडलेली आहे, स्टेटस १. जर्नलमधली पहिली ओळ: "मायएसक्यूएल डेटा डिर नॉट फाउंड ॲट /व्हार/लिब/मायएसक्यूएल. प्लीज क्रिएट वन." पण डेटाडिर तर मी बदललाय! एरर.लॉग मध्ये आजची एकही नोंद नाही.

कंदील

एरर.लॉग कोरा आहे हाच पुरावा की मायएसक्यूएलडीपर्यंत गाडी पोचलीच नाही.

उबुंटूच्या पॅकेजमध्ये मायएसक्यूएल-सिस्टिमडी-स्टार्ट नावाची शेल स्क्रिप्ट असते. ती कॉन्फिगमधला डेटाडिर न वाचता थेट /व्हार/लिब/मायएसक्यूएल हे फोल्डर आणि त्याच्या आत मायएसक्यूएल नावाचं उपफोल्डर आहे का एवढंच बघते. तुम्ही नाव बदललंत, म्हणून तिला ते सापडेना. तिच्या समाधानापुरतं रिकामं फोल्डर पुरे:

सुडो एमकेडिर -पी /व्हार/लिब/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल

एक धोक्याची सूचना. नुसतं बाहेरचं फोल्डर केलंत तर पुढचा मेसेज येईल की सिस्टिम डेटाबेस सापडत नाही, मायएसक्यूएलडी --इनिशियलाइझ चालवा. तो सल्ला इथे अजिबात पाळायचा नाही. इनिशियलाइझ हे कोऱ्या सर्व्हरसाठी आहे. तुमचा डेटा जागेवर आहे, फक्त स्क्रिप्ट चुकीच्या दारावर थाप मारते आहे.

रानवारा

एवढी उठाठेव कशाला? डेटाडिर पूर्ववत करा आणि /व्हार/लिब/मायएसक्यूएल ही सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नुसती खूण) /डेटा/मायएसक्यूएल कडे वळवा. स्क्रिप्ट सिमलिंक चालवून घेते. काम झालं.

खुंटी

रानवारा, स्क्रिप्ट चालवून घेईल, ॲपआर्मर घेणार नाही. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलींना हात लावायचा हे ठरवणारा उबुंटूचा पहारेकरी तो. ॲपआर्मर सिमलिंकचं नाव बघत नाही. ती उलगडून शेवटी जी खरी फाइल उघडली जाते तिचा पूर्ण पाथ तपासतो. म्हणजे /व्हार/लिब/मायएसक्यूएल मधून आत गेलं तरी त्याला /डेटा/मायएसक्यूएल च दिसणार आणि त्याच्या यादीत (प्रोफाइलमध्ये) ते नाही. पाणवठांना पुढची अडचण हीच येणार आहे, सिमलिंक करोत वा न करोत.

पाणवठा

खुंटी म्हणाले तसंच झालं. रिकामं फोल्डर केल्यावर एक्झेकस्टार्टप्री पार पडलं. आता मेन पीआयडी पडतोय, स्टेटस १. एरर.लॉग मध्ये इनोडीबीचा (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) ऑपरेटिंग सिस्टिम एरर नंबर १३, आणि खाली लिहिलंय की मायएसक्यूएलडीला या डिरेक्टरीचे हक्क नाहीत. मालकी पुन्हा तपासली, सीएचओन -आर पुन्हा चालवलं. काही फरक नाही.

रानवारा

/डेटा वर सीएचमॉड -आर ७७७ करून बघा. परवानगीचा प्रश्न आहे की नाही हे लगेच कळेल.

कंदील

नका करू. ७७७ ने दोन नवे घोटाळे होतात. एक, डेटाबेसच्या फाइल मशीनवरच्या कुठल्याही युजरला वाचता-लिहिता येतात, आणि नंतर कोणत्या फाइलची मूळ परवानगी काय होती हे परत मिळवता येत नाही. दोन, हाच हात कॉन्फिगवर फिरला तर मायएसक्यूएल सर्वांना लिहिता येणारी कॉन्फिग फाइल दुर्लक्षित करतो, एक इशारा लिहून पुढे जातो. मग डेटाडिरची बदललेली ओळ वाचलीच जात नाही आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. शिवाय ॲपआर्मर अडवत असेल तर ७७७ चा काडीचा उपयोग नाही. त्याची तपासणी फाइलच्या परवानग्यांच्या वर आणखी एक असते, दोन्ही पार व्हाव्या लागतात.

एरर १३ म्हणजे "पर्मिशन डिनाइड". नंबराचा अर्थ हवा असेल तर मायएसक्यूएलबरोबर पीएरर नावाचं छोटं साधन येतं, पीएरर १३ लिहिलं की सांगतं. १३ आला की तीन ठिकाणं, या क्रमाने:

पहिलं, वाटेतली फोल्डरं. /डेटा/मायएसक्यूएल चा मालक बरोबर असून भागत नाही. /डेटा या वरच्या फोल्डरमधून मायएसक्यूएल युजरला ओलांडून जाता आलं पाहिजे, म्हणजे त्यावर एक्स बिट हवा. नेमआय -एल /डेटा/मायएसक्यूएल/आयबीडेटा१ ही कमांड मुळापासून प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी ओळीने दाखवते. डोळ्यांनी एकेक फोल्डर बघत बसण्यापेक्षा हे बरं. खात्री करायला: सुडो -यू मायएसक्यूएल एलएस /डेटा/मायएसक्यूएल.

दुसरं, ॲपआर्मर किंवा रेड हॅटकडचा तसाच पहारेकरी एसईलिनक्स. वरची एलएस कमांड यशस्वी होते आणि तरी सर्व्हिसला १३ येतो, तर बोट इकडेच दाखवायचं. एलएस वर ॲपआर्मरचं बंधन नाही, /यूएसआर/एसबिन/मायएसक्यूएलडी वर आहे.

तिसरं, युनिटमधली सिस्टिमडीची बंधनं. याबद्दल पुढे कुणी लिहिलं तर बरं, मारियाडीबीवाल्यांना (मायएसक्यूएलमधूनच फुटलेला डेटाबेस) ते नेहमी लागतं.

खुंटी

ॲपआर्मरची खात्री अशी करा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी | ग्रेप डिनाइड

ओळीत प्रोफाइल /यूएसआर/एसबिन/मायएसक्यूएलडी आणि नेम /डेटा/मायएसक्यूएल/... असं दिसलं की शंका नाही. ऑडिटडी बसवलेला असेल तर हीच ओळ /व्हार/लॉग/ऑडिट/ऑडिट.लॉग मध्ये जाते आणि कर्नलच्या लॉगमध्ये सापडत नाही, तिथेही बघा.

दुरुस्तीचे दोन मार्ग. पहिला, /ईटीसी/ॲपआर्मर.डी/ट्यूनेबल्स/एलियस या फाइलमध्ये शेवटी एक ओळ:

एलियस /व्हार/लिब/मायएसक्यूएल/ -> /डेटा/मायएसक्यूएल/,

दोन्ही पाथच्या शेवटी तिरपी रेघ हवी आणि ओळीच्या शेवटी स्वल्पविराम हवा. स्वल्पविराम राहिला तर ही फाइल वापरणारी सगळी प्रोफाइलं लोड व्हायची थांबतात, एकटं मायएसक्यूएलचं नाही. त्यानंतर सिस्टिमसीटीएल रीलोड ॲपआर्मर, आणि काही एरर येतोय का ते डोळ्यांनी बघा.

दुसरा, मला जास्त पटणारा: /ईटीसी/ॲपआर्मर.डी/लोकल/ मधल्या यूएसआर.एसबिन.मायएसक्यूएलडी या फाइलमध्ये दोन ओळी:

/डेटा/मायएसक्यूएल/ आर,
/डेटा/मायएसक्यूएल/** आरडब्ल्यूके,

के म्हणजे लॉक करण्याची मुभा. अनेक जण आरडब्ल्यू वर थांबतात. मग फाइल उघडते पण इनोडीबीला लॉक मिळत नाही आणि पुन्हा १३ येतो. ही फाइल पॅकेज अपडेटमध्ये सहसा पुसली जात नाही, आणि बदल एकाच प्रोफाइलपुरता राहतो. एलियस मात्र सगळ्याच प्रोफाइलना लागू होतो.

ॲपआर्मर पूर्ण बंद करण्याचे सल्ले जालावर भरपूर दिसतील. निदानासाठी करायचंच असेल तर ॲपआर्मर-युटिल्स पॅकेजमधलं एए-कम्प्लेन फक्त मायएसक्यूएलडीवर चालवा. तेव्हा तो अडवत नाही, फक्त नोंद करतो. सर्व्हिस चालू झाली तर निदान पक्कं. लगेच एए-एन्फोर्स ने पूर्ववत.

पाणवठा

डिनाइडच्या ओळी होत्या, नेमकं तेच प्रोफाइल. लोकल फाइलमध्ये दोन ओळी टाकल्या, ॲपआर्मर रीलोड, रीसेट-फेल्ड, स्टार्ट. सर्व्हिस चालू झाली, टेबलं दिसतात. मनापासून आभार.

जुना फोल्डर आता काढू का?

कंदील

नाही, अजून एक परीक्षा बाकी आहे: रीबूट. एफएसटॅबमधली (बूटच्या वेळी कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्याची यादी) ओळ इथे टाका.

पाणवठा

/डेव्ह/एसडीबी१ /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

कंदील

यात दोन उणिवा आहेत.

/डेव्ह/एसडीबी१ हे नाव कायमचं नसतं. डिस्क जोडली-काढली किंवा मशीन हलवलं की बी ची सी होऊ शकते. बीएलकेआयडी चालवून यूयूआयडी, म्हणजे त्या फाइल सिस्टिमचा कायमचा ओळखक्रमांक, घ्या आणि तो लिहा.

नोफेल चांगलं आहे, ते काढू नका. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही तर सिस्टिमडी ९० सेकंद वाट बघून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो. दूरच्या सर्व्हरवर मग एसएसएचही मिळत नाही. पण नोफेलचा दुसरा अर्थ असा की बूट या माउंटसाठी थांबत नाही. मायएसक्यूएल माउंटच्या आधी सुरू होण्याची शक्यता उघडी राहते, आणि तेव्हा त्याला /डेटा रिकामा दिसतो. दहापैकी आठ वेळा चालेल, दोनदा पडेल. असला बिघाड शोधायला सर्वांत त्रासाचा. म्हणून सर्व्हिसला सांगायचं की डिस्क आल्याखेरीज उठू नको:

सुडो सिस्टिमसीटीएल एडिट मायएसक्यूएल

उघडलेल्या फाइलमध्ये:

[युनिट]
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा/मायएसक्यूएल

मूळ युनिट फाइलला हात लावू नका, पॅकेज अपडेट ती परत पहिल्यासारखी करतं. एडिटने केलेला बदल /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम मधल्या वेगळ्या फाइलीत जातो आणि टिकतो. एडिट संपल्यावर डीमन-रीलोड आपोआप होतं. फाइल हाताने लिहिलीत किंवा एफएसटॅब बदललंत तर सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड तुम्हीच द्यायचं, कारण सिस्टिमडी एफएसटॅबवरूनही युनिटं बनवतो. शेवटी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा, एफएसटॅबमधली चूक रीबूटच्या आधीच कळते.

आता डिस्क आलीच नाही तर मशीन उठेल, एसएसएच मिळेल, फक्त मायएसक्यूएल बंद असेल आणि कारण स्टेटसमध्ये डिपेंडन्सी फेल्ड असं स्वच्छ दिसेल.

उंबरठा

कंदील यांच्या मुद्द्याला जोड. डॉकरमध्ये मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस चालवणाऱ्यांसाठी हाच प्रकार जास्त घातक आहे. त्यांच्या अधिकृत इमेज डेटा फोल्डर रिकामं दिसलं की नवा डेटाबेस तयार करून मोकळ्या होतात. डिस्क माउंट झाली नाही, फोल्डर रिकामं, सर्व्हिस आनंदाने चालू, आणि ॲप्लिकेशनला एकही टेबल सापडत नाही. लोकांना वाटतं डेटा गेला. तो गेलेला नसतो, न लागलेल्या डिस्कवर असतो. पण तोवर रिकाम्या जागी नव्या नोंदी पडायला लागलेल्या असतात.

यावर एक साधा उपाय: डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर सीएचॲटर +आय करून ठेवायचं. मग त्यात रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही. डिस्क माउंट झाली की वरची फाइल सिस्टिम दिसते आणि या बंधनाचा काही संबंध राहत नाही. माउंट चुकलं तर सर्व्हिस चुपचाप चालू होण्याऐवजी एरर देऊन पडेल, आणि इथे पडणंच हिताचं.

आणि ॲपआर्मरच्या भानगडीत न पडता हे सगळं करायचं असेल तर बाइंड माउंट, म्हणजे एक फोल्डर दुसऱ्या जागीही माउंट करणं. एफएसटॅबमध्ये:

/डेटा/मायएसक्यूएल /व्हार/लिब/मायएसक्यूएल नन बाइंड,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/डेटा ० ०

सिमलिंक आणि बाइंड यांत फरक हा की बाइंडमध्ये ॲपआर्मरलाही पाथ /व्हार/लिब/मायएसक्यूएल असाच दिसतो. डेटाडिर बदलायला नको, एलियस नको, स्क्रिप्टसाठी रिकामं फोल्डर नको. फक्त मायएसक्यूएलच्या युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर ला /व्हार/लिब/मायएसक्यूएल लिहायचं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन.

तांबडमाती

धाग्यात थोडं वेगळं विचारतो. माझ्या जावा ॲप्लिकेशनचं स्वतः लिहिलेलं युनिट आहे, स्टार्ट.एसएच ही स्क्रिप्ट चालवतं. स्टेटस २०३/एक्झेक येतं, जर्नलमध्ये "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". फाइल तिथे आहे, एक्झिक्युटेबल आहे, हाताने बॅश स्टार्ट.एसएच केलं की चालते.

खुंटी

२०० पासून पुढचे नंबर तुमच्या प्रोग्रामचे नसून बहुतेक सिस्टिमडीचे असतात: प्रोग्राम सुरू करण्याच्या तयारीतच तो अडखळला. २०० म्हणजे वर्किंगडिरेक्टरी सापडली नाही. २०३, फाइल चालवता आली नाही. २१७, युजर= मध्ये लिहिलेला युजर मशीनवर नाही. २२६, नेमस्पेस लावता आली नाही, बहुतेकदा रीडराइटपाथ्स= मध्ये दिलेलं फोल्डर अस्तित्वात नसतं. १२६ आणि १२७ आले तर ते मधल्या शेलचे: १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही.

तुमच्या बाबतीत फाइल असूनही "नो सच फाइल" येतंय, तर न सापडणारी वस्तू बहुधा पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर आहे. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून कॉपी केली आहे का? मग प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य सीआर अक्षर असतं, आणि कर्नल /बिन/बॅश ऐवजी /बिन/बॅश अधिक ते अक्षर असं नाव शोधतो. फाइल स्टार्ट.एसएच असं विचारा. उत्तरात सीआरएलएफ आलं की डॉस२युनिक्स ने साफ करा. बॅश स्टार्ट.एसएच ने चालते कारण तेव्हा इंटरप्रिटर तुम्ही स्वतः देता, पहिली ओळ नुसती कॉमेंट ठरते.

"पर्मिशन डिनाइड" सह २०३ आला असता तर वेगळं: एक्स बिट नाही, किंवा ती डिस्क नोएक्झेक ने माउंट आहे, किंवा एसईलिनक्स.

तांबडमाती

सीआरएलएफच होतं. आता २०३ गेला, पण स्टार्ट दिल्यावर सर्व्हिस एका क्षणात इनॲक्टिव्ह. एररही नाही, स्टेटस ०. स्क्रिप्टमध्ये शेवटची ओळ नोहप जावा -जार ॲप.जार & अशी आहे.

खुंटी

ती शेवटची & काढा, नोहपही काढा. टाइप=सिंपल मध्ये सिस्टिमडी तुमच्या स्क्रिप्टलाच मुख्य प्रक्रिया मानतो. जावा मागे ढकलून स्क्रिप्ट ० देऊन संपली. सिस्टिमडीच्या दृष्टीने काम यशस्वी झालं, आणि त्याच कंट्रोल ग्रुपमध्ये उरलेल्या जावाला त्याने आवरतं घेतलं. लोक इथे टाइप=फोर्किंग करतात. ते उलट्या बाजूने अडतं: कधी पुढे & विसरली तर मूळ प्रक्रिया संपण्याची वाट बघत ९० सेकंदांनी टाइमआउट. प्रोग्रामला स्वतःहून मागे जायची गरज उरलेली नाही, ते काम सिस्टिमडीचं.

खरं तर स्क्रिप्टच नको:

[सर्व्हिस]
युजर=ॲप
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/ॲप
एन्व्हायरन्मेंटफाइल=/ईटीसी/ॲप/ॲप.एन्व्ह
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/जावा -एक्सएमएक्स५१२एम -जार /ऑप्ट/ॲप/ॲप.जार
सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=५

१४३ चं कारण: थांबवताना सिस्टिमडी सिगटर्म पाठवतो, आणि जावा १२८ अधिक १५ म्हणजे १४३ देऊन बाहेर पडतं. ही ओळ नसेल तर व्यवस्थित थांबवलेली सर्व्हिससुद्धा फेल्ड म्हणून लाल दिसते. रीस्टार्टसेक ५ यासाठी की न लिहिता ते १०० मिलिसेकंद असतं. तेवढ्यात पाच प्रयत्न संपून "टू क्विकली" येतं, वर पाणवठांना दिसलं तेच. एन्व्हायरन्मेंटफाइलमध्ये एक्सपोर्ट हा शब्द लिहायचा नाही, नुसतं नाव=किंमत. एक्झेकस्टार्टची ओळ शेल नाही; तिथे ~, &&, > यांपैकी काहीच चालत नाही, आणि .बॅशआरसी मधलं जावा_होम सर्व्हिसला कधीच दिसत नाही. हाताने चालतं आणि सर्व्हिसमधून नाही, याच्या मुळाशी बहुतेकदा हाच फरक असतो.

सिस्टिमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय ला युनिट फाइलचा पाथ द्या. शब्दांतल्या चुका लगेच सांगतो.

उंबरठा

रेड हॅट वळणाच्या मशीनवाल्यांसाठी, म्हणजे रॉकी, अल्मा वगैरे. तिथे ॲपआर्मरच्या जागी एसईलिनक्स असतो आणि तो पाथ न बघता फाइलवरचं लेबल बघतो. नव्या डिस्कवरच्या फाइलींना चुकीचं लेबल मिळतं. तपासणी: सुडो ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट. दुरुस्ती दोन पायऱ्यांत:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी मायएसक्यूएलडी_डीबी_टी "/डेटा/मायएसक्यूएल(/.*)?"
रिस्टोअरकॉन -आरव्ही /डेटा/मायएसक्यूएल

सेमॅनेज सापडत नसेल तर पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स हे पॅकेज लागतं. नुसतं सीएचकॉन केलंत तर आज चालेल आणि पुढच्या रीलेबलला पुन्हा पडेल. आणि /रूट किंवा /होम मधून एमव्ही ने आणलेल्या फाइली जुनं लेबल सोबत आणतात. सीपी ने आणलेल्या नव्या जागेचं घेतात.

वर कंदील म्हणाले ती तिसरी जागा: मारियाडीबीच्या युनिटमध्ये प्रोटेक्टहोम=ट्रू असतं. डेटाडिर /होम खाली ठेवलात तर परवानग्या कितीही नीट असोत, त्या प्रक्रियेला /होम बंद दिसतं. ओव्हरराइड करून ते फॉल्स करता येतं, पण डेटा /होम मध्ये न ठेवणं चांगलं. उबुंटू २२.०४ वर मारियाडीबीचं ॲपआर्मर प्रोफाइल मात्र मुद्दामच रिकामं ठेवलेलं असतं, तेव्हा तिथे खुंटींच्या दोन ओळींची गरज पडत नाही.

रानवारा

७७७ चा सल्ला मागे घेतो, कंदील यांचं स्पष्टीकरण पटलं. नंतर वाचणाऱ्यांसाठी डेटा न हलवताही ८.० सुरू न होण्याची काही कारणं जोडतो.

५.७ वरून ८.० वर आल्यावर कॉन्फिगमध्ये क्वेरी_कॅश_साइझ उरलेलं असेल तर "अननोन व्हेरिएबल" देऊन सर्व्हर उठतच नाही; क्वेरी कॅश ८.० मधून काढून टाकली आहे. एसक्यूएल_मोड मधलं नो_ऑटो_क्रिएट_युजर याचंही तेच. ८.४ वर जाताना डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन काढा. सुरू करायच्या आधी मायएसक्यूएलडी --व्हॅलिडेट-कॉन्फिग चालवलं तर हे एकेक करून कळतं, ८.०.१६ पासून ती सोय आहे.

लोअर_केस_टेबल_नेम्स चालू सर्व्हरवर बदलता येत नाही. ८.० मध्ये ते इनिशियलाइझच्या वेळीच ठरतं, नंतर बदललं की सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो.

"अनेबल टू लॉक आयबीडेटा१, एरर ११" दिसलं तर दुसरा मायएसक्यूएलडी आधीच चालू आहे. पीग्रेप -ए मायएसक्यूएलडी ने शोधा आणि नीट थांबवा. आयबीडेटा१ ला हात लावू नका.

कंदील

रानवारा, उत्तम यादी. त्यात एरर २८ ची भर घालतो, म्हणजे डिस्क भरली. डीएफ -एच बरोबर डीएफ -आय पण बघायचं, कारण जागा असून आयनोड (फाइलींची नोंद ठेवणारे कप्पे) संपलेले असू शकतात. ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. २०० जीबीवर १० जीबी. रूट म्हणून लिहिता येतं आणि मायएसक्यूएलला येत नाही, ते यामुळे. फक्त डेटाच्या डिस्कवर ट्यून२एफएस -एम १ करायला हरकत नाही. ८.० मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंदवही) मुळातच चालू असतो आणि २५९२००० सेकंद, म्हणजे ३० दिवस साठतो. पाणवठा, तुमची पहिली डिस्क त्यानेच भरली असेल का ते बघा. त्या फाइली आरएम ने उडवू नका. जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम ने किंवा ॲप्ट क्लीन ने आधी थोडी जागा करा, सर्व्हर उठवा आणि पर्ज बायनरी लॉग्ज द्या.

आणि सर्व्हिस बाजूला ठेवून हाताने चालवून पाहायचं असेल तर सुडो -यू मायएसक्यूएल /यूएसआर/एसबिन/मायएसक्यूएलडी. आधी /रन/मायएसक्यूएलडी हे फोल्डर करून मालकी द्या. सर्व्हिस थांबली की सिस्टिमडी ते काढून टाकतो आणि मग सॉकेटची लॉक फाइल बनत नाही असा भलताच एरर दिसतो. हा कंट्रोल-सी ने थांबत नाही, दुसऱ्या टर्मिनलवरून मायएसक्यूएलॲडमिन शटडाउन द्या. तो चालूच ठेवून सर्व्हिस सुरू केलीत तर रानवारांनी सांगितलेला एरर ११.

पाणवठा

यूयूआयडी घातला, रिक्वायर्समाउंट्सफॉर टाकलं, दोनदा रीबूट केलं. दोन्ही वेळा आधी /डेटा माउंट, मग मायएसक्यूएल. मुद्दाम यूयूआयडी चुकीचा लिहूनही पाहिलं: मशीन उठलं, एसएसएच मिळालं, मायएसक्यूएल डिपेंडन्सी फेल्ड. बायनरी लॉग पाहिले, जुन्या जागी १९ जीबी त्यांचेच होते. मुदत ७ दिवसांवर आणली, ६०४८०० सेकंद.

जुना फोल्डर?

कंदील

नव्या जागेवरून मायएसक्यूएलडंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन ने पूर्ण बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून टेबलं उघडतात का पाहा. त्यानंतर मायएसक्यूएल.जुना काढा. /व्हार/लिब/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल हे रिकामं फोल्डर मात्र तसंच राहू द्या, स्क्रिप्ट प्रत्येक स्टार्टला ते शोधते.